देवांची नावे बदलली म्हणजे विश्व बदलत नाही

फॅंटसीच्या नावाने आज आमच्या विद्यार्थ्यांकडून जे विश्व रचले जाते, त्यात कल्पनेची वाण नाही. वाण आहे ती विश्वाची. हे विधान काहींना उद्धट वाटेल याची आम्हांला कल्पना आहे. तरीही ते आम्ही विचारपूर्वक करीत आहोत.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. वाशी, नेरूळ, खारघर अशा ठिकाणची महाविद्यालयीन मुले सुट्टीच्या दिवशी चार-पाच जणांच्या टोळीने एकत्र बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार होतो. तो एक कल्पित जग उभे करतो, बाकीचे त्या जगातली पात्रे होतात, आणि पात्राने केलेली कृती सफळ झाली की नाही हे फासे टाकून ठरते. यालाच रोल प्लेइंग गेम म्हणतात. सूत्रधार या खेळासाठी वह्याच्या वह्या भरतो: नकाशे, राजवंश, भाषा, देवदेवता, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा. 'मराठीच्या मास्तरांना पुराणे ठाऊक असतात' या समजुतीने अशा काही वह्या आमच्यापर्यंत आल्या आणि आम्ही त्या मन लावून वाचल्या. एकीत देवलोक, असुरलोक आणि मर्त्यलोक होते. दुसरीत तेच तीन लोक होते, फक्त नावे पालीसारखी वाटावीत अशी बेतलेली होती. तिसऱ्या वहीतल्या असुरांना शिंगे होती आणि ते 'जन्मतः दुष्ट' असल्याची नोंद होती. सर्व वह्यांवर 'भारतीय विश्व' असे अभिमानाने लिहिलेले होते.

हे विश्व भारतीय नाही. ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि पुढच्या चार वर्षांत त्याच्या नियमपुस्तकांत विश्वाचा एक आराखडा पक्का झाला. या आराखड्यात प्रत्येक जीव नैतिकतेच्या नऊ घरांपैकी एका घरात बसतो. एका बाजूला सुष्ट आणि दुष्ट, दुसऱ्या बाजूला नियमनिष्ठ आणि स्वैर, दोहोंच्या मध्ये तटस्थ. बाह्य लोकही याच चौकटीवर चाकासारखे मांडलेले असतात: सुष्टांचे स्वर्ग एका अंगाला, दुष्टांचे नरक दुसऱ्या अंगाला. १९८० साली याच खेळाचा 'डीटीज अँड डेमिगॉड्स' हा ग्रंथ आला. त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांच्या पंगतीत आपले इंद्र, अग्नी, विष्णू, कालीही बसवलेले होते. प्रत्येकापुढे त्याचे नैतिक घर आणि त्याचे 'हिट पॉइंट्स', म्हणजे किती घाव बसल्यावर तो मरेल तो आकडा! देवाला मारता येते याचे आम्हांला वैषम्य नाही. आपल्याकडचे देवही शापाने, वराने, व्याधाच्या बाणाने जातात. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या ग्रंथात जगातले सारे देव एकाच रकान्यांच्या वहीत उतरवले गेले आणि ती वहीच विश्व होऊन बसली. आमचा विद्यार्थी 'भारतीय विश्व' रचतो तेव्हा तो वही तीच ठेवतो, फक्त नावे देवनागरीत लिहितो.

विश्वरचना म्हणजे देवांची जंत्री नव्हे. कोण कोणाचे काय देणे लागतो, मेल्यावर माणूस कोठे जातो आणि परत येतो का, झाड तोडण्यापूर्वी कोणाला विचारावे लागते, नवस फेडला नाही तर कोण येऊन वसूल करतो, पराभूताचे पुढे काय होते, या व्यवहारांचा हिशेब म्हणजे विश्वरचना. हा हिशेब बदलला की विश्व बदलते. देवांची नावे तीच राहिली तरी बदलते, आणि हिशेब तोच असेल तर हजार नवी नावे घडवूनही ते बदलत नाही.

असुरांचेच पाहा. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा पराभव केला ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण मणीने शरण येऊन वर मागितला आणि त्याला देवाच्या परिवारातच जागा मिळाली, हा कथेचा उत्तरार्ध मुलांच्या वह्यांत कधी येत नाही. जेजुरीला जाणारा भाविक पराभूत दैत्यालाही नमस्कार करून पुढे जातो. शेंदूर फासलेला म्हसोबा आमच्या शेताच्या बांधावर शतकानुशतके बसलेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात त्याचा संबंध महिषासुराशी जोडला आणि दाखवून दिले, की एका ठिकाणी देवी ज्याला मारते त्याच्याशीच दुसऱ्या ठिकाणी तिचे लग्न लागते. दक्षिण कोकणातल्या दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात संकासुर येतो. वेद पळवणारा हा दैत्य मालवणीत बोलतो, भटजींची फिरकी घेतो, आणि प्रेक्षक त्याचीच वाट पाहत असतात. दिवाळीत ओवाळताना आमच्या आयाबहिणी ज्याचे राज्य येवो म्हणतात तो बळी पुराणांच्या खतावणीत असुरच आहे. 'जन्मतः दुष्ट' हे घर या विश्वाच्या कोणत्या कोपऱ्यात बसवणार?

पुराणातली विश्वरचना हेतुपुरस्सर उलटी करून मांडण्याचा मराठीतला सर्वांत धाडसी प्रयोग एकोणिसाव्या शतकात झालेला आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे सारे अवतार बाहेरून चालून आलेल्या टोळ्यांचे नायक ठरले, बळी येथला न्यायी राजा ठरला, आणि खंडोबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यकारभारातले अधिकारी. म्हसोबा म्हणजे महासुभा! व्युत्पत्तिशास्त्राच्या तराजूत हे वजन टिकते की नाही हा वाद निराळा. आम्हांला महत्त्वाची वाटते ती कृती. फुल्यांनी एकही नवा देव निर्माण केला नाही. त्यांनी देणे-घेणे उलटे लिहिले आणि त्याबरोबर शेतकऱ्याच्या बांधावरचा दगड राजकीय झाला. हा ग्रंथ आमच्या अभ्यासक्रमांत 'सामाजिक विचार' या कप्प्यात बंद आहे. विश्वरचनेचा ग्रंथ म्हणून तो कोणी वाचत नाही.

फुल्यांचे नाव येथे ओढूनताणून आणले असे ज्यांना वाटेल त्यांनी ग्रेग स्टॅफर्ड यांचे 'ग्लोरँथा' पाहावे. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट' या खेळात हे विश्व वापरले गेले. वादळाचा देव ऑर्लँथ याने सूर्यसम्राट येल्म याचा वध केला अशी त्यातली मूळ घटना आहे. डोंगरातल्या टोळ्यांच्या लेखी हा जुलमी राजाचा अंत, तर सूर्यपूजक साम्राज्याच्या लेखी हा राजद्रोह आणि जगावर कोसळलेला अंधार. लेखक कोणाची बाजू खरी ते सांगत नाही, आणि खेळणारा ज्या घराण्यात जन्माला येतो त्या घराण्याचे सत्य घेऊन जगतो. बळी आणि वामन यांचे भांडण आजही ज्यांच्या घरात दर दिवाळीला ताजे होते, त्या मुलांना हे तंत्र परदेशी पुस्तकातून शिकावे लागू नये.

आता महानुभावांकडे वळू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य, अनादी आणि परस्परांहून भिन्न आहेत, हा चक्रधरांचा सिद्धान्त एम. ए.चा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो आणि पाच गुणांचे उत्तर लिहून विसरतो. तो विसरण्यापूर्वी क्षणभर थांबून या विश्वात राहून पाहील तर त्याला केवढा धक्का बसेल! येथे देवता आहेत, त्या खऱ्या आहेत, त्यांची उतरंड आहे, तिच्या माथ्यावर चैतन्यमाया आहे, आणि भक्ती केली तर त्या फळही देतात. पण ते फळ संपणारे असते. देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, तो फक्त परमेश्वराच्या हाती. म्हणजे देवतेची कृपा हे येथे यश नसून गुंतवळ आहे. खेळाच्या भाषेत बोलायचे, तर ज्या पुजाऱ्याला सर्वांत प्रबळ मंत्र मिळाले तो ध्येयापासून सर्वांत दूर गेलेला असतो. शिवाय परमेश्वर येथे अवतार घेतो तोही किती चमत्कारिक रीतीने! चांगदेव राऊळांनी देह सोडला आणि भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत शरीरात प्रवेश केला, तेच चक्रधर. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त हा हरिपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी दागिने द्यायला नकार देते, आणि तेथून त्याच्या विरक्तीची वाट सुरू होते. फाशांच्या खेळात हरून जगातून बाहेर पडणारा नायक, विश्वसनीय तरीही कुचकामी देवता, आणि पुढे सांकेतिक लिप्यांत लपवून ठेवलेले धर्मग्रंथ. एवढी सामग्री तेराव्या शतकातल्या मराठी गद्याभोवती पडून असताना आमचा सूत्रधार चौथ्यांदा 'प्राचीन ड्रॅगनचे शापित मंदिर' लिहितो. रागवावे कोणावर? त्याला 'लीळाचरित्र' भाषेचा जुना नमुना म्हणून शिकवणाऱ्या व्यवस्थेवर आम्ही अधिक रागावतो.

फाशांचा विषय निघालाच आहे, तर त्यात थोडे अधिक रेंगाळतो, कारण खरा मुद्दा तेथेच आहे. विश्वरचना कथेत दिसते त्याहून अधिक ती नियमांत दिसते. वीस पैलूंचा फासा टाकून 'मी कडा चढलो का' हे ठरवणारे विश्व असे मानते, की जग हे माणसाच्या कौशल्यापुढचा अडथळा आहे. आता सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या देवळांत लावला जाणारा कौल आठवा. मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या जातात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावरून देवाचा होकार-नकार समजतो. हाही दैवाचाच खेळ, पण प्रश्न पूर्ण निराळा. 'मला जमेल का' असे येथे कोणी विचारत नाही. 'मला परवानगी आहे का' असे विचारतात. आणि विचारतो तो एकटा वीर नसतो, गाव असते. रवळनाथ, वारुळाच्या रूपातली सातेरी, वेतळ, वेशीवर रात्री काठी घेऊन फिरणारा देवचार, प्रत्येकाची हद्द आणि प्रत्येकाचा मान गावरहाटीत ठरलेला असतो. जो सूत्रधार फासा कौलासारखा वापरील, म्हणजे कृती करण्यापूर्वी आणि पात्रांच्या वतीने न टाकता गावाच्या वतीने टाकील, त्याच्या खेळातली माणसेच वेगळी वागू लागतील. तलवार उपसण्यापूर्वी ती विचारतील की ही हद्द कोणाची. जी. ए. कुलकर्णींनी आपल्या संग्रहाला 'रमलखुणा' असे नाव दिले तेव्हा फाशांवरून भविष्य पाहणारे रमलशास्त्र त्यांच्या मनात होते, हे आपले विद्यार्थी जाणतात का? जी. एं.च्या अनाम नगरांत आणि अनोळखी मंदिरांत एकही पौराणिक नाव नाही, पण नियतीचा हिशेब इतका नेमका आहे की ते विश्व दुसऱ्या कोणाचे वाटत नाही. असो, जी. एं.वर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

हे सारे पुस्तकी आहे, प्रत्यक्षात जमत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला 'तुंबाड' हे उत्तर आहे. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची माती मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेले आणि भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतले. त्यातला हस्तर कोणत्याही पुराणात नाही. पूर्तीच्या देवीचा हा पहिला पुत्र सर्व सोने घेतो, धान्यावर हात टाकताना अन्य देव त्याच्यावर तुटून पडतात, आई त्याला वाचवते, पण पुढे कोणीही त्याची पूजा करणार नाही या अटीवर. एवढीच विश्वरचना. पण तिच्यातून प्रत्येक नियम आपोआप निघतो. हस्तर धान्याचा भुकेला म्हणून पिठाची बाहुली हे त्याचे आमिष, पिठाचे रिंगण हे माणसाचे संरक्षण, आणि त्याच्याजवळ सोने आहे म्हणून माणसे पिढ्यानपिढ्या त्या विहिरीत उतरणार. सोने आणि धान्य ही जोडीसुद्धा खोतीच्या कोकणात आकाशातून पडलेली नाही. ज्याच्या पेटीत सोने आणि ज्याच्या कणगीत भात, त्यांच्यातल्या व्यवहारावर त्या भूमीचा सारा इतिहास उभा आहे.

याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा संगणकीय खेळ घ्या. भूमिकांचा खेळ तो नव्हे, पण विश्वरचनेची चर्चा त्याला टाळून होणार नाही. वास्तू, रंग, भित्तिचित्रे यांत तो देखणा आहे, आणि एका छोट्या चमूने तो उभा केला याचे आम्हांला कौतुक आहे. परंतु दुर्गा आणि विष्णू वरून पाहत आहेत, असुर चालून आले आहेत, धाकट्या भावाला पळवले आहे आणि मुलगी लढते आहे, हा हिशेब आम्हांला सर्वपरिचित वाटतो. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर जेजुरी आहे. मणीला त्या खेळात जागा नव्हती.

आमच्या व्यवसायबंधूंना या साऱ्यात पोरखेळ दिसतो. फॅंटसी म्हणजे पलायन, खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि 'वास्तववाद' म्हणजे वाङ्मय, अशी त्यांची त्रिसूत्री आहे. त्यांना आम्ही विचारतो, की वास्तव म्हणजे कोणाचे? आम्ही ज्या शहरात शिकवतो ते नवी मुंबई १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर वसवले. सेक्टरला क्रमांक मिळाले, रस्त्यांना क्रमांक मिळाले. त्या क्रमांकांच्या मधोमध गावठाणे शिल्लक आहेत आणि गावठाणात गावदेवी आहे. तिची जत्रा भरते, पालखी निघते, आणि पालखी ज्या वाटेने फिरते तो जुन्या गावाचा नकाशा असतो, शहराच्या आराखड्यात न उमटलेला. आगरी-कोळी कुटुंबे चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला जातात. ती बसली आहे बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशी. दोन विश्वे एकाच कातळावर खेटून उभी आहेत आणि भाविकाला त्यात विसंगती वाटत नाही. याला अवास्तव म्हणणाऱ्याने एकदा चैत्रात तो डोंगर चढून पाहावा.

आमच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. उलव्याकडच्या, विमानतळासाठी हलवलेल्या गावांपैकी एका गावातला हा मुलगा. त्याने खेळासाठी रचलेल्या विश्वात सात स्वर्ग होते, इंद्रसभा होती, समुद्राखालची असुरनगरी होती. तुझ्या गावची देवी यात कोठे आहे, असे आम्ही विचारले. त्यावर त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की ती 'मायथॉलॉजी' नाही, ती आमची गावदेवी आहे. हे उत्तर आम्हांला आठवडाभर पुरले. त्याच्या मनात 'मायथॉलॉजी' ही दूरदर्शनवर, पुस्तकांत आणि इंग्रजीत असणारी गोष्ट होती, आणि गावदेवी ही घरातली, काहीशी संकोचाची. एकच एक अखिल भारतीय विश्व, ज्यात देव वर, असुर खाली आणि मध्ये वीर, हे चित्र मालिका, खेळ आणि लोकप्रिय कादंबऱ्या इतक्या जोराने ठसवत आहेत की ज्याच्या घरात दुसरे विश्व नांदते त्यालाही ते विश्व वाटेनासे झाले आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये पंढरीच्या देवामागचा गवळी-धनगरांचा देव शोधला. ग्युंथर सोन्थायमर बिरोबा-म्हसकोबाच्या मागे धनगरांबरोबर माळरान हिंडले. त्यांचे हे श्रम अशा मुलाच्या हातात पोचत नसतील, तर आम्ही वर्गात नेमके काय पोचवतो?

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो भाविकांकडून येतो. जिवंत देवांना खेळात आणू नका, हा अवमान आहे. या आक्षेपाची टिंगल आम्ही करणार नाही. 'डीटीज अँड डेमिगॉड्स'च्या रकान्यांत कालीचे आकडे पाहून आम्हांलाही तेच वाटले होते. पण खेळ आणि देव यांचे आपल्याकडे वैर नाही. अंगात आलेला देव 'खेळतो'. शिमग्यात खेळे निघतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांची आणि दैत्यांची सोंगे रात्रभर नाचतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे याचा मान पिढ्यांपिढ्या चालत आलेला असतो. तेथे भूमिका घेणे ही जबाबदारी असते. रोल प्लेइंगला मराठी शब्द शोधणाऱ्यांनी 'सोंग' या शब्दाकडे नाक मुरडू नये. अवमान होतो तो सोंग घेतल्याने होत नाही, सोंगाचा मान कोणाचा हे न विचारल्याने होतो. म्हणूनच आम्ही मुलांना असे सांगतो, की नावे उसनी घेऊ नका, हिशेब शिका. सातेरीला तिच्या नावानिशी तुमच्या खेळात ओढण्यापेक्षा, जिथे जमीन स्वतः देवी आहे आणि नांगर धरण्यापूर्वी तिची संमती लागते असे एक जग रचा, त्याला तुमची नावे द्या.

त्या विद्यार्थ्याने पुढे वही बदलली. सात स्वर्ग काढून टाकले. आता त्याच्या विश्वात एक टेकडी आहे, जिच्यावर एका देवतेची हद्द सुरू होते. परके लोक येऊन टेकडी कापतात आणि नदीचे पात्र वळवतात. उलव्याची टेकडी अशीच कापली गेली, उलवे नदी अशीच वळवली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या खेळात पात्रांपुढचा प्रश्न लढाईचा नाही. हद्दच उरली नाही तर देवता गावकऱ्यांबरोबर नव्या वस्तीत येते, की सपाट झालेल्या जागी थांबते, आणि थांबली तर तिचा मान कोणी द्यायचा, हे त्यांना कौल लावून ठरवायचे आहे. नियम अजून कच्चे आहेत. पाकळी दोन्हीकडून एकदम पडली तर काय, यावर त्याच्या टोळीत तीन रविवार वाद चालू आहे.